पिशवीवर ‘पीटमुक्त’, पण आत काय?

ब्रिटनमध्ये कुंड्यांच्या मिश्रणातून ‘पीट’ हद्दपार करायचे, हे ठरून बरीच वर्षे झाली. २०११मध्ये तिथल्या सरकारने घरगुती बागकामासाठी २०२० ही मुदत घातली. ती ऐच्छिक होती आणि ऐच्छिक मुदतींचे जे होते तेच तिचे झाले. मग ऑगस्ट २०२२मध्ये सरकारने जाहीर केले, की हौशी बागकामासाठी पीटची विक्री इंग्लंडमध्ये २०२४पर्यंत बंद केली जाईल. निवडणूक आली, सरकार बदलले, २०२४ साल संपले. कायदा मात्र झाला नाही. बाजार कायद्यासाठी थांबला नाही. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१९मध्येच पीटच्या पिशव्या विकणे बंद केले. दुकानांत ‘पीटमुक्त’ अशी ठळक अक्षरे छापलेल्या पिशव्या पुढच्या रांगेत आल्या. या पिशव्यांत पीटच्या जागी लाकडाचा तंतू असतो, झाडांच्या सालींचा चुरा असतो, बागेतल्या कचऱ्याचे कंपोस्ट असते. आणि असते कोकोपीट. हे शेवटचे प्रामुख्याने तमिळनाडू, केरळ आणि श्रीलंकेतून जाते.

लंडनच्या बाल्कनीतल्या कुंडीचा प्रश्न असा पोल्लाचीच्या विहिरींपर्यंत येऊन पोहोचतो. आणि तेच कोकोपीट विटांच्या आकारात ठाण्या-पुण्याच्या नर्सरीत शेणखताच्या पिशवीशेजारी मांडलेले असते.

पीट म्हणजे काय, हे आपल्याकडे सांगावे लागते, कारण आपल्या बागकामात ते कधी फारसे नव्हतेच. थंड, पावसाळी प्रदेशांतल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते, मरते आणि पाण्याखाली दबते. तिथे प्राणवायू जवळपास नसतो, पाणी आम्लधर्मी असते. त्यामुळे ते धड कुजत नाही. थरावर थर साचत जातो. साचण्याचा वेग वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थर ही हजार वर्षांची पुंजी. जगाच्या एकूण जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जमीन अशी आहे, पण तिच्यात अडकलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यात आहे त्याहून जास्त. दलदलीचे पाणी काढून पीट उपसले, की त्याला हवा लागते आणि इतकी वर्षे दडून राहिलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या पीटपैकी ७० टक्के पीट किरकोळ विक्रीच्या पिशव्यांतून जाते, असे बंदी जाहीर करताना सरकारनेच सांगितले होते. एवढी पुंजी खर्च होत होती ती मुख्यतः हौसेच्या फुलझाडांवर.

बागायतदारांचे पीटवर प्रेम होते, ते उगाच नव्हते. ते हलके असते, दर पोत्याला सारखेच असते, पाणी धरते आणि हवाही धरते. त्यात अन्नद्रव्ये जवळपास नसतात. पण उत्पादकाला तेच सोयीचे, कारण हवे ते हव्या प्रमाणात घालता येते. असा एकसारखेपणा पर्यायी पदार्थांत आणणे अवघड आहे. आयर्लंडचा अनुभव याबाबत बोलका आहे. २०१९च्या एका न्यायालयीन निकालानंतर तिथला मोठ्या प्रमाणावरचा पीट उपसा अडला, तेव्हा आळिंबी उत्पादक आणि रोपवाटिका अडचणीत आल्या आणि २०२१मध्ये आयर्लंडसारख्या दलदलींच्या देशाने लॅटव्हियातून जहाजाने पीट मागवले. एका देशातला उपसा थांबला आणि दुसऱ्या देशातला वाढला, एवढाच काय तो फरक.

कोकोपीटची कहाणी याच्या उलट दिशेने सुरू होते. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला, की मागे भुसा उरतो. सोडणाच्या वजनाचा मोठा भाग हा भुसाच. त्यात लिग्निन भरपूर असल्याने तो सहज कुजत नाही. काथ्याच्या गावांमध्ये रस्त्याच्या कडेला त्याचे ढीग वर्षानुवर्षे पडून असत. पावसात त्यांतून तपकिरी पाणी झिरपे, उन्हाळ्यात ते पेट घेत. परदेशी रोपवाटिकांना या कचऱ्याचा उपयोग कळला आणि चित्र पालटले. २०२०-२१मध्ये भारताची काथ्या आणि काथ्याच्या वस्तूंची निर्यात सुमारे ३,७७९ कोटी रुपयांची झाली, त्यात निम्म्याहून थोडा अधिक वाटा एकट्या कोकोपीटचा होता. पायपुसणी, दोर आणि चटया मागे पडल्या; एके काळी फेकून दिला जाणारा भुसा पुढे गेला.

मात्र भुसा सरळ पिशवीत भरून पाठवता येत नाही. त्यात पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड यांचे क्षार असतात. ते घालवण्यासाठी तो गोड्या पाण्याने धुवावा लागतो, एकदा नव्हे, अनेकदा. चांगल्या प्रतीच्या मालासाठी पुढे कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवून भुशाच्या कणांना चिकटलेले सोडियम-पोटॅशियमही हटवले जाते. हे सारे पाणी कुठून येते आणि वापरून झाल्यावर कुठे जाते? कोइंबतूर जिल्ह्यातल्या पोल्लाची परिसरातल्या शेतकऱ्यांनी भूजल बिघडल्याच्या तक्रारी केल्या, त्या याच कारणाने. तमिळनाडूच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१मध्ये या उद्योगाला निरुपद्रवी मानल्या जाणाऱ्या ‘पांढऱ्या’ वर्गातून काढून ‘नारिंगी’ वर्गात टाकले. उद्योजकांना ते रुचले नाही. पण युरोपातली कुंडी पर्यावरणस्नेही करताना इथल्या विहिरीचे पाणी खारट होत असेल, तर त्या पिशवीवरचे हिरवे पान अर्धेच खरे आहे. ब्रिटनमध्ये आता मिश्रणातल्या घटकांना ऊर्जा, पाणी, प्रदूषण, कामगारांची स्थिती अशा निकषांवर गुण देण्याची एक पद्धत उद्योगानेच आणली आहे. ती पुरेशी आहे का, हा वाद वेगळा. पण प्रश्न योग्य जागी नेला गेला आहे. ‘पीटमुक्त’ हा शब्द पिशवीत काय नाही तेवढे सांगतो.

महाराष्ट्रातल्या ग्राहकासाठी तर हा शब्द जवळपास निरर्थक आहे. इथे साधारण नर्सरीत मिळणाऱ्या मिश्रणात पीट नसतेच. ऑनलाइन बाजारात ‘पीट मॉस’च्या आयात पिशव्या मिळतात, व्यावसायिक रोपवाटिका काही बियाण्यांसाठी ते वापरतात, बाकी सगळीकडे लाल माती, शेणखत, गांडूळखत आणि कोकोपीट. नावात ‘पीट’ असले तरी कोकोपीटमध्ये पीटचा कण नाही. तेव्हा ‘पीटमुक्त’ म्हणून कोणी दहा-वीस रुपये जास्त मागत असेल, तर ते देण्याचे कारण नाही.

इथला गोंधळ दुसराच आहे. कोकोपीटला खत समजले जाते. विटकूर पाण्यात टाकले, की पाचपट-सहापट फुगते. पाच किलोच्या ठोकळ्यातून सत्तर लिटरच्या आसपास भुसा निघतो. ते फुगणे पाहून त्यात झाडासाठी बरेच काही असणार, असे वाटते. प्रत्यक्षात त्यात नत्र नाममात्र असते. कच्च्या भुशातले कर्ब-नत्र गुणोत्तर शंभराच्या वर जाते, आणि अशा पदार्थात सूक्ष्मजीव कामाला लागले, की ते आसपासचा नत्र स्वतःसाठी उचलतात. झाडाची खालची पाने पिवळी पडू लागतात. बागप्रेमी मग पाणी वाढवतो, कारण पिवळे पान म्हणजे तहान, असा समज. भुसा कुजवून वापरायचा मार्ग आहे. कॉयर बोर्डाच्या संशोधन संस्थेने ‘पिथप्लस’ नावाचे धिंगरी आळिंबीचे विरजण बाजारात आणले. भुशाचे थर, त्यावर हे विरजण आणि थोडा युरिया, ओलावा टिकवला तर महिनाभरात भुसा काळसर होतो आणि त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर पंचवीसच्या खाली येते. नारळाची बाग असणाऱ्या कोकणातल्या घरांना, जिथे सोडणे अजूनही न्हाणीच्या चुलीत जातात, हे करून पाहण्यासारखे आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये तयार कुजलेला भुसा मागणे सोपे.

क्षारांचे काय? निर्यातीच्या मालाची क्षारता मोजून नोंदवलेली असते. देशी बाजारात येणाऱ्या सगळ्याच विटकुरांचे तसे नसते. ‘लो ईसी’ असे छापलेले असेल तर बरे. पण घरी दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून, पिळून घेणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. येथे एक चूक सर्रास होते. धुण्याचे पाणी स्वच्छ दिसू लागले, की भुसा धुतला गेला, असे मानले जाते. तपकिरी रंग टॅनिनचा असतो. क्षार रंगहीन असतात. पाण्याचा रंग कमी होणे आणि क्षार जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी. टोमॅटोच्या फळाच्या बुडाला काळा, सुकलेला डाग पडतो, तोही कित्येकदा याच कारणाने: न धुतलेला भुसा खतातला कॅल्शियम धरून ठेवतो, पाणी देण्यात खाडे होतात आणि फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही. औषध फवारून हा डाग जात नाही, कारण तो रोग नव्हे.

यावर एक सोपी परीक्षा आहे, आणि तिचे सामान मराठी स्वयंपाकघरात असते. युरोपात कुंडीच्या मिश्रणांची तपासणी करताना ज्या रोपाचे बी वापरतात, ते म्हणजे आपले अळीव. बाळंतिणीच्या लाडवातले. ते दोन-तीन दिवसांत उगवते आणि क्षार किंवा अर्धवट कुजलेल्या खतातली विषारी द्रव्ये त्याला लगेच बाधतात. एका वाटीत नवे मिश्रण, दुसरीत खात्रीची जुनी माती. दोन्हींत वीस-वीस दाणे पेरून पाणी शिंपडावे. आठवडाभरात नव्या वाटीतली रोपे विरळ, खुरटी किंवा टोके करपलेली दिसली, तर त्या पोत्यात मिरचीचे रोप लावायची घाई करू नये. ही परीक्षा सोसायटीच्या आवारात बनलेल्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टलाही लावावी. त्यातले बरेचसे चांगले असते, पण ते पूर्ण कुजण्याआधीच वाटून टाकण्याची घाई अनेक ठिकाणी दिसते. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मानके आहेत: कर्ब-नत्र गुणोत्तर वीसच्या आत, शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ५ मिलिग्रॅमच्या आत. वर्गीकरण न केलेल्या कचऱ्यात बॅटरी, रंगाचे डबे, ट्यूबलाइट जातात, म्हणून ही काळजी. कुंडीत पालेभाजी लावायची असेल, तर विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागण्यात संकोच नसावा.

मिश्रणात काय घालावे याइतकेच ते कुंडीत कसे वागते, हे महत्त्वाचे. जमिनीतल्या मातीखाली आणखी माती असते. पाणी खाली ओढले जाते. कुंडीच्या बुडाला हवा असते. त्यामुळे भोक असले तरी तळाशी काही सेंटिमीटर मिश्रण पाण्याने पूर्ण भरलेले राहतेच. भांडी घासायचा जाड स्पंज भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की उभा करावा. तो पुन्हा ठिबकू लागतो. पाणी तेवढेच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. कुंडीचेही तसेच आहे. उथळ, पसरट कुंडीत बारीक भुसा भरला, तर मुळांचा मोठा भाग पाण्यात राहतो. तळाशी विटांचे तुकडे किंवा खडीचा जाड थर घातल्याने निचरा सुधारतो, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे; प्रत्यक्षात पाणी साचलेला थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर सरकतो आणि मुळांना जागा कमी उरते. भोकावर एखादी खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये म्हणून. त्याहून जास्त नको. जाडेभरडेपणा हवा तो संपूर्ण मिश्रणात: सोडणाचे बारीक तुकडे, भाताचे तूस, विटांचा भरड चुरा, उसाचे चिपाड. मुंबईत आर. टी. दोशी यांनी गच्चीवरची शेती केली, तिच्यात उसाच्या चिपाडाचा वापर होता, आणि माती अगदी थोडी.

एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग खत, हे सगळीकडे सांगितले जाणारे प्रमाण वाईट नाही. पण ते एकच प्रमाण नागपूरच्या मेमध्ये आणि रत्नागिरीच्या जुलैत चालेल, हे संभवत नाही. विदर्भात कोकोपीटचे पाणी धरणे वरदान आहे. कोकणात आणि मुंबईत उघड्या गच्चीवर पावसाळ्यात तेच मुळे कुजवते. तिथे त्याचे प्रमाण पावपट करून भरड पदार्थ वाढवावेत. कोकोपीटचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याचा वरचा थर लवकर वाळून फिका दिसतो आणि खाली मात्र ओल असते. रंग पाहून पाणी घालणारा झाड बुडवतो. बोट पेरभर आत घालून पाहावे, किंवा कुंडी किंचित उचलून तिचे वजन अजमावावे.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा असतो. रोप मरू नये, वाहतुकीत गोळा फुटू नये, म्हणून नर्सरीवाल्याला तो हवा असतो. घरी आणून तोच गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात ठेवला, की पाणी भोवतालच्या मोकळ्या भागातून निघून जाते आणि गोळा आतून कोरडा, विटेसारखा होतो. लावण्याआधी तो पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवलेली बरी. ही लाल माती येते कुठून, हाही प्रश्न आहेच. डोंगरउतारांवरचा वरचा थर खरवडून ती ट्रकने शहरात येते, आणि तसा थर बनायलाही शतके लागतात. पीटसाठी युरोपात जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशानेही आपल्याकडे या मातीची होत नाही. वजनाच्या दृष्टीनेही तिचा मोह टाळावा: लिटरभर ओली माती दीड किलोच्या पुढे भरते, म्हणजे वीस लिटरची कुंडी तीस किलोंवर. बाल्कनीच्या कठड्यावर अशा दहा कुंड्या ठेवण्याआधी विचार व्हावा.

आता आरोग्याचे. ऑस्ट्रेलियात कुंडीच्या मिश्रणाच्या पिशवीवर आरोग्याचा इशारा छापलेला असतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ऑस्ट्रेलियात न्यूमोनियाचे काही रुग्ण सापडले. त्यांच्यात ‘लिजिओनेला लाँगबीची’ हा जिवाणू होता आणि तोच कुंडीच्या मिश्रणातही मिळाला. २०१३मध्ये स्कॉटलंडमध्येही बागकाम करणाऱ्यांत असेच रुग्ण आढळले. पिशवी उघडताना उडणारी धूळ किंवा तुषार श्वासावाटे आत जाणे, हा संसर्गाचा मुख्य मार्ग मानला जातो. हा आजार दुर्मीळ आहे, घाबरून बाग सोडण्याजोगा नाही. पण पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणारे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, यांनी जपावे. पीट असो वा नसो, ओल्या, उबदार, कुजणाऱ्या पदार्थात असे जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू असणारच. पिशवी चेहऱ्यापासून लांब धरून, हवेशीर जागी, कात्रीने हळू उघडावी, कोरडे मिश्रण आधी थोडे ओले करावे, मास्क लावावा, काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, विडी-सिगारेट ओढू नये. उन्हात तापत पडलेली, अर्धी उघडी पिशवी सावलीत हलवावी.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना सांगण्याची. लिजिओनेलासाठी जी लघवीची चाचणी सर्वसाधारणपणे होते, ती वेगळ्या प्रजातीसाठी असते. लाँगबीची तिच्यात सापडत नाही. पेनिसिलीनच्या जातीची नेहमीची औषधेही त्यावर चालत नाहीत, वेगळी प्रतिजैविके लागतात. म्हणून बागकामानंतरच्या दोनेक आठवड्यांत ताप, कोरडा खोकला, धाप अशी लक्षणे आली, तर ‘कुंड्यांचे काम केले होते’ हे वाक्य आपणहून बोलावे. मधुमेह असणाऱ्यांनी हातमोज्यांशिवाय मातीत हात घालू नये आणि धनुर्वाताची लस सगळ्यांचीच वेळेवर झालेली असावी. ऑर्किडसाठी स्फॅग्नम मॉस हाताळणाऱ्यांनाही हातमोजे हवेत: १९८८मध्ये अमेरिकेत या मॉसमध्ये गुंडाळलेल्या रोपांमुळे १५ राज्यांत ८४ जणांना स्पोरोट्रायकोसिस हा त्वचेचा बुरशीजन्य आजार झाला होता.

या सगळ्यांपेक्षा आपल्याकडे रोजचा धोका कुंडीखालच्या ताटलीचा. कोकोपीटमधून झिरपलेले पाणी तिच्यात साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढे पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून ताटली आठवड्यातून एकदा नुसती रिकामी न करता घासूनही घ्यावी, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

हंगाम संपल्यावर जुने मिश्रण फेकून नवी विटकुरे आणण्याचीही गरज नसते. मुळे काढून, दोन-चार दिवस कडक उन्हात पसरून, भरपूर पाण्याने क्षार धुऊन त्यात एक चतुर्थांश कुजलेले कंपोस्ट मिसळले, की ते पुन्हा चालते. मात्र ज्या कुंडीतले टोमॅटो किंवा वांगे मर रोगाने गेले, तिच्यातले मिश्रण पुढच्या खेपेला त्याच कुळातल्या रोपांसाठी घेऊ नये. त्यात झेंडू लावावा, किंवा मेथी.